गोळ्या लागू पडत नाहीत तेव्हा: चुंबकाने होणारा नैराश्याचा उपचार

नैराश्याच्या दोन-तीन गोळ्या बदलून झाल्या, वर्ष सरलं, तरी माणूस खाटेवरून उठत नाही. जेवायला बसवलं तर दोन घास, बोलायला गेलं तर "माले काहीच गोड लागत नही" एवढंच. अशा घरातल्या माणसांना हल्ली शहरातला डॉक्टर सांगतो, "आरटीएमएस करून बघू." बसस्टँडवर पोहोचेपर्यंत त्याचं "डोक्याला मशीन लावणार" होतं आणि गावात शिरेपर्यंत "शॉक देणार" होतं. मग कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, नको, आहे ते बरं आहे, आणि विषय तिथंच मिटतो.

मी जळगावात मानसिक आजार असलेल्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम करते. हा विषय असा मिटलेला बघून मला वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आरटीएमएस म्हणजे डोक्यावर तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, टेकवून मेंदूला चुंबकाचे ठोके देण्याचा उपचार. हा उपचार खरा आहे, तपासून घेतलेला आहे. तो प्रत्येकासाठी नाही. आणि आपल्या भागातल्या माणसाचं अडतं ते मशीनच्या भीतीवर जितकं, तितकंच त्याच्या रोजच्या वेळापत्रकावर.

आधी हे बघा: गोळ्या खरंच हरल्या का?

डॉक्टर ज्याला 'औषधांना दाद न देणारं नैराश्य' म्हणतात, त्याची साधारण व्याख्या अशी: दोन वेगवेगळी नैराश्यविरोधी औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी किमान सहा-आठ आठवडे नियमित घेऊनही पुरेसा फरक नाही. अशी माणसं थोडी नसतात. अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांवर पायरी-पायरीने औषधं बदलत एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर पोहोचलेल्यांत मात्र पूर्ण बरं होणाऱ्यांचं प्रमाण सातात एक इतकं खाली आलं. म्हणजे दोन औषधं नीट घेऊन फसली, की तिसऱ्या गोळीवर सगळी भिस्त ठेवण्यात फार अर्थ उरत नाही. वेगळ्या वाटेचा विचार तिथं सुरू होतो.

पण 'नीट घेऊन' हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे "तीन डॉक्टर झाले, काही उपयोग नाही" असं सांगणाऱ्या घरची फाइल उघडली की बऱ्याचदा दिसतं ते असं: पहिली गोळी दहा दिवस, कारण पोटात मळमळलं. दुसरी महिनाभर, पण अर्धीच, कारण कुणीतरी सांगितलं की सवय लागते. तिसरी कपाशी वेचणीच्या दिवसांत बंद, कारण तालुक्याला जायला कुणी मोकळं नव्हतं. मधल्या काळात झोप येत नाही म्हणून मेडिकलवरून आणलेल्या झोपेच्या गोळ्या, आणि सातपुड्याच्या बाजूचं घर असेल तर भगताकडे दोन-तीन फेऱ्या. यात गोळी हरलेली नाही, तिला पुरती संधीच मिळालेली नाही. अशा माणसाला लगेच मशीनकडे नेण्यापेक्षा एक औषध योग्य डोसमध्ये दोन महिने सलग देऊन बघणं स्वस्त आणि शहाणपणाचं.

आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात. थायरॉइड कमी असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ खाली असेल, तर माणूस तसाच गळून जातो आणि नैराश्याची गोळी एकटी काही करू शकत नाही. रोजची दारू चालू असेल तर तिचा हिशेब आधी लावायचा. मधे कधी आठ-दहा दिवस अजिबात झोप नाही, तरी थकवा नाही, खूप बडबड, पैशांची उधळण असा काळ येऊन गेला असेल तर तो आजार द्विध्रुवी असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे. हे डॉक्टरांना सांगायला घरचेच लागतात, कारण रुग्णाला तो काळ बहुधा 'चांगला' म्हणून आठवत असतो. आणि ज्या बाईला घरात रोज मार बसतो, तिच्या डोक्यावर कितीही चांगलं मशीन लावलं तरी मार थांबत नाही. तिथं कामाला सुरुवात दुसरीकडून करावी लागते.

डीपीतली वीज आणि डोक्यावरची कॉइल

आता मशीनकडे येऊ. शेताच्या बांधावरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांनी पाहिलेली असते. ती जळाली की तिचं वायंडिंग करायला न्यावं लागतं, हेही माहीत असतं. डीपीच्या आत तारेची दोन वेगळी वेटोळी असतात. दोघांची तार एकमेकींना जोडलेली नसते. तरी एकातून वीज वाहिली की दुसऱ्यात वीज तयार होते. कारण पहिल्या वेटोळ्यातली वीज सतत बदलत असते, तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तिच्यासोबत वाढतं-घटतं, आणि बदलणारं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये हे दाखवून दिलं. आरटीएमएसमध्ये पहिलं वेटोळं म्हणजे डोक्यावर टेकवलेली कॉइल. दुसऱ्या वेटोळ्याच्या जागी आपला मेंदूच असतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या विजेच्या बारीक लहरींनीच. म्हणून बाहेरून योग्य जोराची लहर तिथं उमटली की पेशी जाग्या होतात. हे लोकांना आधीपासून माहीत होतं, पण अडचण कवटीची होती. हाड विजेला अडवतं. कवटीबाहेरून थेट वीज सोडून मेंदूपर्यंत पोहोचवायची तर ती इतकी लागते की टाळूची त्वचा आणि स्नायू दुखून येतात. चुंबकीय क्षेत्राला हाडाचा अडथळा नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये डोक्यावर कॉइल धरून हाताचा स्नायू हलवून दाखवला, आणि ज्याच्यावर प्रयोग केला त्याला दुखलं नाही. नव्वदच्या दशकात नैराश्यावर याचे प्रयोग सुरू झाले. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ऑक्टोबर २००८ मध्ये नैराश्यासाठी अशा पहिल्या मशीनला मान्यता दिली.

कॉइल बहुधा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी असते, दोन वर्तुळं शेजारी-शेजारी जोडलेली, म्हणजे मधल्या जोडावर जोर एकवटतो. तिथलं क्षेत्र सुमारे दीड ते दोन टेस्ला, म्हणजे एमआरआय मशीनच्या तोडीचं असतं. मात्र एक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, आणि कॉइलपासून दोन-तीन सेंटिमीटर आत गेलं की त्याचा जोर ओसरतो. म्हणजे मेंदूचा वरचा थर तेवढा थेट उद्दीपित होतो.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण यात्रेत आणि आठवडी बाजारात चुंबकाच्या माळा, पट्टे, गाद्या 'टेन्शन घालवायला' म्हणून विकल्या जातात. स्थिर चुंबकाचं क्षेत्र बदलत नाही आणि बदल नसेल तर मेंदूत वीज उमटत नाही. गळ्यातल्या चुंबकाचा आणि या उपचाराचा काहीही संबंध नाही. त्या माळेचे पैसे वाचवा.

मग ठोके द्यायचे कुठे? कपाळाच्या वर, डाव्या बाजूला, मेंदूच्या पुढच्या भागात एक ठिकाण आहे. ठरवणं, लक्ष देणं, विचारांना लगाम घालणं अशी कामं करणाऱ्या जाळ्याचा तो भाग. नैराश्यात या भागाचं काम मंदावलेलं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्याच जाळ्याचं दुसरं टोक मेंदूत खोलवर, दुःखाच्या भावनेशी निगडित असलेल्या भागात आहे आणि तो भाग नैराश्यात जास्त तापलेला असतो. वरच्या भागाला रोज ठोके दिले की खोलवरच्या भागाशी असलेलं त्याचं नातं बदलत जातं, असं आजचं मत आहे. खोल भागापर्यंत चुंबक पोहोचत नाही, पण जाळ्यातून परिणाम पोहोचतो. पेशींमधले जोड पुन्हा पुन्हा वापरल्याने बळकट होतात, आणि म्हणूनच हा उपचार एका दिवसाचा नसतो. नेमकं काय घडतं याचं पूर्ण उत्तर शास्त्राकडे अजून नाही. गोळ्यांच्या बाबतीतही ते नाही, आणि तरी त्या उपयोगी पडतात.

खुर्चीत बसल्यावर काय होतं

चोपड्याकडच्या एका काकूंबरोबर मी पहिल्या दिवशी आत बसले होते. दाताच्या डॉक्टरकडे असते तशी मागे झुकणारी खुर्ची. काकूंनी विचारलं, "भूल देतस का?" नाही, भूल नाही, सुई नाही, उपाशीपोटी यायचीही गरज नाही. कानातले, क्लिप, चष्मा काढून ठेवायला सांगितलं. डोक्यावर पोहण्याच्या टोपीसारखी कापडी टोपी चढवली आणि टेपने मोजून तिच्यावर पेनाने खुणा केल्या. कानात बोळे दिले, कारण प्रत्येक ठोक्याला कॉइलमधून टक्क असा मोठा आवाज येतो.

पहिल्या दिवशी सर्वांत आधी जोर ठरवतात. डॉक्टरांनी कॉइल डोक्याच्या वरच्या भागात, डावीकडे धरली, जिथून उजवा हात हलवण्याचा हुकूम सुटतो. काकूंचा उजवा हात मांडीवर सैल पडलेला. टक्क. काही नाही. जोर थोडा वाढवला. टक्क. अंगठा उडाला. काकूंनी चमकून हाताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यांनी तो हलवला नव्हता. मेंदू डोक्यात आणि हालचाल हातात, हे इतक्या उघडपणे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग जोर कमी-जास्त करत, दहा ठोक्यांपैकी पाचदा अंगठा हलेल असा सर्वांत कमी जोर शोधला. प्रत्येकाचा हा आकडा वेगळा असतो. कवटीची जाडी, मेंदू आणि टाळू यांतलं अंतर, घेत असलेल्या गोळ्या, सगळ्यांवर तो ठरतो. उपचार साधारण या आकड्याच्या १२० टक्के जोराने देतात.

त्यानंतर कॉइल काही सेंटिमीटर पुढे सरकवतात आणि खरं सत्र सुरू होतं. जुन्या, सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या पद्धतीत सेकंदाला १० ठोके, चार सेकंद, मग २६ सेकंद विश्रांती. असं करत एका बैठकीत ३,००० ठोके, साडेसदतीस मिनिटं. माणूस पूर्ण जागा असतो, बोलू शकतो, थांबवा म्हणाला की थांबवतात. टाळूवर कुणी बोटाने टिचक्या मारल्यासारखं वाटतं. काहींची भुवई किंवा पापणी सोबत उडते. पहिला आठवडा काहींना हे बऱ्यापैकी टोचतं, नंतर सवय होते. सत्र संपलं की उठून चालत बाहेर यायचं. काकू बाहेर येऊन चहा प्यायल्या आणि मुलाला म्हणाल्या, कपाळ जरा ठणकतंय, बाकी काही नाही.

आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे. म्हणजे २० ते ३० बैठका. फरक बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दिसू लागतो आणि तो आधी घरच्यांना दिसतो, असा माझा अनुभव आहे. माणूस स्वतः म्हणतो काही फरक नाही, पण आंघोळीला आता कुणी उठवावं लागत नसतं.

शॉकपेक्षा वेगळं कसं

ज्याला लोक शॉक म्हणतात तो ईसीटी. त्यात भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन डोक्यातून थेट वीज सोडतात आणि मेंदूत मुद्दाम थोडा वेळ फिट आणतात. फिट येणं हाच त्या उपचाराचा गाभा. आरटीएमएसमध्ये फिट येऊ द्यायची नसते, भूल नसते, आणि ईसीटीनंतर काही काळ जो विसराळूपणा येतो तोही नसतो.

पण यावरून ईसीटी वाईट असा अर्थ कुणी काढू नये. सिनेमांनी तिला फार बदनाम केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी देण्यावर बंदी आहे, त्यामुळे आजची ईसीटी सिनेमातली नव्हे. ज्याने अन्नपाणी सोडलं आहे, जो दगडासारखा बसून आहे, ज्याला नैराश्यात भास होतात, किंवा ज्याचा जीव धोक्यात आहे, अशा माणसासाठी आजही ईसीटी जास्त जलद आणि जास्त परिणामकारक आहे. चार-सहा आठवडे थांबण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. घरात कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर आरटीएमएसची तारीख मिळण्याची वाट बघू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, त्याला एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयात न्या. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन करायला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

किती जणांना गुण येतो

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण जाहिराती आणि खरे आकडे यांत अंतर आहे.

कडक चाचणी अशी असते: निम्म्या रुग्णांना खरी कॉइल, निम्म्यांना तसाच आवाज करणारी खोटी कॉइल, आणि कुणाला काय मिळतंय ते रुग्णालाही कळत नाही. अमेरिकेत सरकारी पैशातून १९० रुग्णांवर झालेली अशी एक चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. खऱ्या कॉइलने सुमारे १४ टक्के लोक पूर्ण बरे झाले, खोट्या कॉइलने ५ टक्के. फरक नक्की आहे, पण १४ म्हणजे १०० नव्हे. दुसरीकडे, रोजच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्या ३०७ रुग्णांची नोंद २०१२ मध्ये आली. त्यात डॉक्टरांच्या मापाने निम्म्याहून जास्त लोकांना ठळक फरक पडला आणि ३७ टक्के पूर्ण बरे झाले. तिथं खोटी कॉइल नव्हती, गोळ्याही सोबत चालू होत्या आणि उपचार जास्त दिवस चालला. खरं काय? माझ्या मते दोन्ही. मशीनचा स्वतःचा वाटा पहिला आकडा दाखवतो. दुसरा आकडा सांगतो की रोज घराबाहेर पडणं, रोज कुणीतरी आपुलकीने विचारपूस करणं, गोळ्या नियमित घेणं, हे सगळं मशीनसोबत आल्यावर एकूण काय घडतं. रुग्णाच्या घरच्यांना दुसरा आकडा जास्त कामाचा, पण पहिला माहीत असल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

मला सर्वांत जास्त पटलेली तुलना वेगळी आहे. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत दोन औषधं फसलेल्या ८९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचं औषध पुन्हा बदललं, दुसऱ्याला आरटीएमएस दिलं. हे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आरटीएमएसच्या गटात सुमारे २७ टक्के पूर्ण बरे झाले, औषध बदललेल्यांत सुमारे ५ टक्के. आपल्यापुढचा प्रश्न नेमका हाच असतो: अजून एक गोळी, की हे?

गुण टिकतो का, असं प्रत्येक जण विचारतो. ज्यांना चांगला फरक पडला त्यांचा वर्षभर पाठपुरावा केल्यावर साठ टक्क्यांहून थोडे जास्त लोक सुधारलेलेच राहिले असं एका अभ्यासात दिसलं. त्यातल्या बऱ्याच जणांना मधे पुन्हा काही बैठका द्याव्या लागल्या. बाकीच्यांचा आजार परतला. म्हणून आरटीएमएस झालं की गोळ्या आपणहून बंद करायच्या नाहीत.

धोका आणि कुणी टाळायचं

डोकेदुखी आणि टाळू दुखणं ही नेहमीची तक्रार, साध्या गोळीने थांबणारी. गंभीर धोका एकच, फिट येण्याचा, आणि तो हजार रुग्णांत एकाहूनही कमी आहे. ज्याला आधी फिट येऊन गेली आहे, डोक्याला मोठा मार लागला आहे, मेंदूत गाठ किंवा पक्षाघात झाला आहे, त्याने हे लपवायचं नाही. रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडली की काही दिवस फिटचा धोका वाढतो. आणि रात्रभर न झोपल्यानेही वाढतो. आपल्याकडचा माणूस रात्रीच्या गाडीने बसून, जागरण करून सकाळी थेट दवाखान्यात पोहोचतो. हा प्रवास या उपचाराला चालत नाही. झोप झाली नसेल तर तसं सांगा, त्या दिवशीची बैठक पुढे ढकलली तरी चालते.

डोक्यात धातू असेल तर मशीन लावता येत नाही: कानात बसवलेलं कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर लावलेली धातूची क्लिप, छर्रा. छातीत पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. दातातली चांदी किंवा कॅप चालते. पायात बसवलेला रॉडही चालतो. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या चालू असताना आरटीएमएसचा गुण कमी येतो असं दिसलं आहे, म्हणून मेडिकलवरून घेतलेल्या गोळ्यांची पाकिटंसुद्धा डॉक्टरांना दाखवायची.

वेळापत्रकाचं काय करायचं

राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खानदेशात एकही नाही. आरटीएमएसचं मशीन तर तालुक्याला मिळणारच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मिळालं तरी धडगावहून नंदुरबारला किंवा शिरपूरच्या पाड्यावरून धुळ्याला महिनाभर रोज जाणं कुणाला शक्य आहे? सोबतीला एक माणूस, त्याची बुडणारी मजुरी, दोघांचं भाडं. हा हिशेब कुठल्याच माहितीपत्रकात नसतो आणि तोच निर्णय ठरवतो.

म्हणून मी घरच्यांना आधी राहण्याचं विचारते. खानदेशी माणूस नाशिकच्या सिडकोत आहे, सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये आहे, कल्याणला आहे, पुण्याला आहे. बहुतेक घरांत कुणी ना कुणी सापडतो. नंदुरबारच्या माणसाला सुरत रेल्वेने जवळ पडतं. अडतं ते संकोचावर. महिनाभर नणंदेकडे राहायचं तर कशासाठी आलो हे सांगावं लागतं. माझं म्हणणं, सांगा. पथरीच्या ऑपरेशनला गेलं तर सांगतोच ना? काळही निवडता येतो. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर पेरणीच्या आधीचे दिवस शेतकऱ्याला त्यातल्या त्यात मोकळे असतात. वेचणीच्या तोंडावर सुरू केलेला उपचार मधेच सुटतो, आणि दहा बैठकांवर सोडलेल्या उपचाराला गुण आला नाही असं म्हणता येत नाही.

यात दोन बातम्या आशेच्या आहेत. एक म्हणजे छोटी बैठक. ठोके वेगळ्या लयीत दिले, म्हणजे दोन सेकंद झपाझप आणि आठ सेकंद थांबून, तर ६०० ठोके तीन मिनिटांत होतात. कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ही तीन मिनिटांची बैठक साडेसदतीस मिनिटांच्या बैठकीहून कमी पडली नाही. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. दुसरी म्हणजे घाईची पद्धत: दिवसाला दहा बैठका, मधे तासभराचं अंतर, असं पाच दिवसांत सगळं आटोपायचं. स्टॅनफर्डमध्ये विकसित झालेल्या या पद्धतीला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. लांबून येणाऱ्या माणसासाठी पाच दिवस म्हणजे केवढी सोय! पण खोट्या कॉइलशी तुलना करणारी तिची मूळ चाचणी अवघ्या २९ जणांवर झाली होती, आणि त्यात प्रत्येकाच्या मेंदूचा एमआरआय काढून जागा शोधली होती. 'पाच दिवसांत डिप्रेशन गायब' अशी पाटी बघून कर्ज काढू नका. तुम्ही नेमकी कोणती पद्धत वापरणार आणि जागा कशी शोधणार, हे आधी विचारा.

तीन मिनिटांच्या बैठकीने एक मोठी गोष्ट शक्य झाली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. एका मशीनवर आता दिवसाला कितीतरी जास्त रुग्ण होऊ शकतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार साधारण दर वीस प्रौढांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं, आणि अशा दहांतल्या आठांहून जास्त जणांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. या तीन महाविद्यालयांत एकेक मशीन आणि ते चालवणारं शिकलेलं माणूस मिळालं, तर कुणाला महिनाभर नातेवाइकांच्या घरी राहायला लागणार नाही. लोकप्रतिनिधींकडे रस्ते मागतो तसं हेही मागावं.

खर्चाचं एक. मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमासंरक्षण द्यावं, असं २०१७ चा कायदा सांगतो. पण आरटीएमएसमध्ये रुग्ण भरती होत नाही, आणि भरती न होता घेतलेल्या उपचाराचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. सुरू करण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. दवाखान्याकडूनही सगळ्या बैठकांची मिळून एकूण रक्कम लिहून घ्या, एका बैठकीची नव्हे.

पहिल्या भेटीला जाताना जुन्या सगळ्या चिठ्ठ्या न्या, कोणती गोळी किती दिवस घेतली ते तारखेसकट एका कागदावर लिहून न्या. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, तिचे गुण शून्य ते सत्तावीस. ती पहिल्या दिवशी आणि मग दर आठवड्याला भरून घ्यायला सांगा आणि आकडे वहीत उतरवून ठेवा. गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडतोय. तिसरा आठवडा संपला आणि आकडा हलला नाही, तर डॉक्टरांसमोर वही ठेवून विचारा: आता जोर बदलायचा, जागा बदलायची, की अजून थांबायचं?